संघप्रियाचं मागे पडणारं घड्याळ

१९९७ साली कागल रस्त्याकडेच्या तक्षशिला वसाहतीत एकशे चाळीस घरं होती आणि जवळपास तितक्याच वेगवेगळ्या वेळा होत्या. प्रत्येक घरात एक घड्याळ, बहुतेक लग्नात आलेलं, काचेवर देणाऱ्याचं नाव. कुणाचं पाच मिनिटं पुढे, कारण पुढे असलेलं बरं. कुणाचं दहा मिनिटं मागे, कारण सेल बदलायचा राहिला. यावरून भांडण कधी झालं नाही. वेळेवरून भांडायला कुणाला तरी वेळेवर पोचावं लागतं.

या वसाहतीत संघप्रिया मधाळे राहायची. वय पस्तीस, माहेर गडहिंग्लजकडचं, आयटीआयच्या वर्गात एकटीच मुलगी. नवरा प्रसेनजीत फाउंड्रीत पाळीवर जायचा आणि ती उद्यमनगरात हंबीररावांच्या शेडमध्ये. तिथे कारखान्यांची आणि कॉलेजांची विजेची मोजमापं करणारी मीटरं दुरुस्तीला यायची. बारा वर्षं ती तेच करत होती. ट्रान्सफॉर्मर गुंडाळताना दोन हजार वेढे तोंडाने मोजायचे, मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची आणि पुढचा आकडा बरोबर म्हणायचा, ही तिची शेडमधली ख्याती. याखेरीज तिच्याबद्दल कुणी काही बोलत नसे. हंबीररावांच्या मते कामगाराची याहून मोठी स्तुती नाही.

जुन्या मीटरांत आकडे दाखवायला काचेच्या नळ्या असत. अंगठ्याएवढी नळी, आत निऑन वायू, आणि शून्य ते नऊ असे बारीक तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे. एसटीच्या रांगेत माणसं असतात तसे. फरक इतकाच, की इथे ज्याचा नंबर असेल तोच पुढे दिसायचा. पेटला की निखाऱ्यासारखा नारिंगी. शेडमध्ये या नळ्यांना निक्सी म्हणत. मग लाल आकड्यांची नवी मीटरं आली आणि जुनी किलोवर जाऊ लागली. भंगारवाल्याला पत्रा आणि तांबं हवं असे. नळ्या तो तिथेच दगडाने फोडायचा.

एके दिवशी संघप्रियाने त्याच्या हातातला दगड काढून घेतला.

"मालक, ह्या नळ्या मी घरला नेतो," ती हंबीररावांना म्हणाली. (कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल नेतो-येतो असंच बोलतात. त्यात बंड नाही.)

"काय करणार गं?"

"घड्याळ."

"खुळी का काय! बाजारात मिळतंय की, काट्याचं, गजराचं, पाहिजे तसलं."

"ते मिळतंयच. हे करायचंय."

हंबीररावांना हे उत्तर कळलं नाही, पण नळ्या फुकटच्या होत्या आणि माणूस कामाचं होतं. ते म्हणाले, "ने."

घड्याळ करायला चार महिने लागले. तासाच्या दोन, मिनिटाच्या दोन, सेकंदाच्या दोन, अशा सहा नळ्या. पेटी म्हणून विजेच्या मीटरचा जुना सागवानी बोर्ड. नळी पेटवायला एकशे ऐंशी व्होल्ट लागतात; त्याचा ट्रान्सफॉर्मर तिने स्वतः गुंडाळला. प्रसेनजीतने एकदा जेवणाचं ताट ठेवायला टेबलावरचं ते बाजूला सरकवलं आणि ताटासकट मागे उडाला.

"हे घड्याळ हाय का शेताचं कुंपण?" तो जमिनीवरून म्हणाला.

"हात लावू नका म्हटलंतं की न्हाय?"

"म्हटलंतीस. जेवू नका असं न्हवतं म्हटलं."

आता थोडं या घड्याळाच्या पोटाबद्दल, कारण सगळं रामायण तिथेच आहे. कुठल्याही घड्याळाला एक ठोका लागतो. संघप्रियाने तो घरातल्या विजेतूनच घेतला. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. पन्नास मोजले की एक सेकंद, साठ सेकंदांचं मिनिट, की झालं. हा पन्नासचा आकडा तिने आजवर दुरुस्त केलेल्या प्रत्येक मीटरवर, मोटारीवर, पंख्यावर छापलेला होता. त्यावर अविश्वास दाखवायचं तिला काही कारण नव्हतं. वीज गेली तर आकडा ध्यानात राहावा म्हणून आत चार सेल बसवले; वीज आली की मोजणी जिथे थांबली तिथून पुढे.

त्याच सुमाराला वसाहतीच्या समाजमंदिरात वाचनालय सुरू व्हायचं होतं. समितीचे अध्यक्ष आबा सनदी. एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. निवृत्तीनंतर काही माणसं शेतीकडे वळतात. आबा समितीकडे वळले. त्यांनी मधाळ्यांच्या घरी येऊन घड्याळ पाहिलं. एकोणसाठ सेकंदांनंतर दोन शून्यं पेटताना पाहिली. तीनदा पाहिली.

"शेगडीगत दिसतंय," ते म्हणाले. "पण झकास. वाचनालयाला दे."

तिने दिलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सहाला रेडिओच्या ठोक्यावर लावून भिंतीवर चढवलं. कार्यक्रम संध्याकाळी सहाला. आबा दुपारी चारलाच येऊन बसले आणि त्यांनी आपलं मनगटी घड्याळ भिंतीवरच्याशी जुळवून घेतलं. समितीचा अध्यक्ष आणि समितीचं घड्याळ यांच्यात मतभेद दिसू नयेत, एवढाच हेतू.

पाहुणे होते एक निवृत्त मुख्याध्यापक. ते आले तेव्हा खुर्च्या ढिगात होत्या आणि माईकवाला वायर शोधत होता. आबा पुढे झाले. "जय भीम, गुरुजी! लवकर आलासा. अजून बावीस मिनिटं हायत."

गुरुजींनी मनगट पुढे केलं. सहा. माईकवाल्याने आपलं बघितलं. सहा. शेजारच्या घरातून बयाबाई ओरडली, "आबा, सहा कवाच वाजलं! काय झोपलासा का काय?"

भिंतीवर पाच वाजून अडतीस मिनिटं झाली होती. आकडे फार सुरेख दिसत होते.

एकतीस वर्षं उशिरा आलेल्या ड्रायव्हरांच्या सह्या घेणारा माणूस स्वतःच्या सभेत बावीस मिनिटं मागे सापडला. कार्यक्रम कसाबसा पार पडला. पाहुणे गेले आणि आबा भिंतीकडे वळले.

"उतर ते."

"कशापायी?" संघप्रिया म्हणाली.

"मागं पडलंय."

"ते मागं पडलं न्हाय. वीज कमी आल्या."

पहिल्यांदा माईकवाला हसला, आणि त्याचा माईक चालू होता.

"संघप्रिया," आबा म्हणाले, "एकतीस वर्षं मी गाड्या मोजल्या. गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरानं टायर सांगितलाय, फाटक सांगितलंय, म्हस आडवी आली म्हणून सांगितलंय. रस्ता कमी आला असं मला आजवर कुणी सांगितलं न्हाय."

त्यानंतर महिनाभर वसाहतीत कुणालाही कशालाही उशीर झाला की कारण ठरलेलं असे. भाकरी का झाली नाही? वीज कमी आली. बयाबाईची म्हैस दूध देईना. तिलाही वीज कमी आली.

संघप्रियाने कुणाचीही माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने हेलकावे मोजायचं मीटर लावलं. साडेअठ्ठेचाळीस. हंबीरराव म्हणाले, मीटर बाद झालंय. तिने दुसरं लावलं. साडेअठ्ठेचाळीस. तिसरं लावलं. हंबीररावांनी बराच वेळ तिन्हींकडे पाहिलं आणि तिन्ही एकदम बाद झाली असावीत, असं मत दिलं.

बाद काही झालं नव्हतं. राज्यात मागणी जास्त आणि वीज कमी. ओझं वाढलं की वीजघरातली अजस्र जनित्रं चढाला लागलेल्या ट्रकसारखी मंदावतात आणि पन्नासचे साडेअठ्ठेचाळीस होतात. बारा तासांत त्याची जवळपास बावीस मिनिटं होतात. मोटारीवर छापलेलं पन्नास हे आश्वासन होतं. संघप्रियाने ते मोजमाप धरलं. अशी चूक मीटर दुरुस्त करणाऱ्याच्याच हातून होऊ शकते. बाकीच्यांनी ते कधी वाचलेलंच नसतं.

तिने दुसरं घड्याळ बांधायला घेतलं. नळ्या तशाच, पेटी तशीच, पण ठोका आतल्या क्वार्ट्झच्या खड्याचा, ज्याला विजेच्या हेलकाव्यांशी काही देणंघेणं नाही आणि जो वीज गेली तरी सेलांवर ठोके देत राहतो. दोन्ही घड्याळं शेजारीशेजारी टेबलावर ठेवली. सकाळी सहाला दोन्ही एकत्र निघायची आणि संध्याकाळपर्यंत एक पुढे जायचं. दोघांतला फरक ती वहीत लिहायची. प्रसेनजीत आता मांडीवर ताट घेऊन जेवू लागला.

आबांच्या कानावर गेलं. ते आले, दुसरं घड्याळ तासभर मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं आणि खूश झाले.

"हे लावू. झालं गेलं इसरायचं."

"लावा की. पण दोन्ही."

"दोन्ही? एका भिंतीवर दोन टायम? बघणारा काय म्हणंल?"

"कुठला खरा म्हणून इचारंल. मग सांगायचं."

"अगं, वसाहतीला टायम पायजे. शिकवणी नको."

"मग एकबी न्हाय."

आबा गेले. समितीने प्लॅस्टिकचं काट्याचं घड्याळ आणून लावलं. प्रसेनजीतने बायकोला समजावून पाहिलं. माणसाने एवढं ताणू नये, आबांचं वय बघ, वगैरे.

"पयलं बाजूला ठेवून दुसरं लावलं की माणसं म्हणणार, बाईनं चूक सुधारली," ती म्हणाली. "मी चूक केलीच न्हाय. सुधारू काय? पयलं भिंतीवर गेलं तर मी खरी. न्हाय गेलं तर मी त्या दिवशी तोंड वाचवायला बोललो, असंच ऱ्हाणार. जन्मभर."

प्रसेनजीतने ताट मांडीवरून टेबलाकडे नेलं, जागा नाही असं दिसलं, परत मांडीवर घेतलं.

१९९९ चा उन्हाळा आला. वसाहत लाइनच्या शेवटच्या टोकाला. वीज जायची ती आधी तिथून. वाचनालयात संध्याकाळी बसणारी दहावी-बारावीची मुलं अंधारात पुस्तकं मिटून घरी जाऊ लागली. आबा अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं: तुमच्या वसाहतीत वीज रोज सरासरी वीस मिनिटं बंद असते. जास्त असेल तर पुरावा आणा.

आबांचा उभा जन्म रजिस्टरात गेला होता. रजिस्टरासमोर आपलं बोलणं किती टिकतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते परतले आणि सरळ मधाळ्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"ते तुझं मागं पडणारं. वीज गेल्यावर काय करतंय ते?"

"मोजायचं थांबतंय. आली की तितनं पुढं."

"म्हंजे जेवढा येळ वीज न्हाय, तेवढा येळ त्याच्या लेखी झालाच न्हाय?"

"व्हय. आनि कमी आली तर ते येगळं."

आबा उंबऱ्यावर टेकले. "त्या वहीतलं मला उतरून दे. अर्जाला जोडतो."

"वही न्हाय. वही घरात बसून कुणीबी लिव्हतंय. घड्याळ भिंतीवर पायजे, सगळ्यांम्होरं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

आबांनी दोन वर्षं विचार केला होता. त्यामुळे आता फार वेळ लागला नाही. प्लॅस्टिकचं घड्याळ उतरलं. दोन्ही पेट्या भिंतीवर गेल्या. आत कुणी हात घातला असं म्हणायला नको म्हणून हंबीररावांनी शेडमधून मीटरला लावतात तसली शिशाची सीलं आणून दोन्हींना स्वतः लावली. वेळ लावायचं बटण तेवढं बाहेर. ते रोज सकाळी सहाला रेडिओ ऐकत आबा दोन साक्षीदारांदेखत दाबायचे आणि संध्याकाळी सहाला दोन्ही आकडे नव्या रजिस्टरात लिहायचे. पहिल्या आठवड्यात साक्षीदार मिळवायला हाका माराव्या लागल्या. तिसऱ्या आठवड्यात रांग लागू लागली. बयाबाई संध्याकाळी दारातूनच विचारायची, "आज किती मिनिटं खाल्ली?"

पाच आठवड्यांचं रजिस्टर गेल्यावर साहेब स्वतः आले. संध्याकाळी सहाला आठ मिनिटं कमी होती. उजवीकडच्या घड्याळात तेच होतं. डावीकडे चार वाजून सतरा.

"हे डावीकडचं नादुरुस्त आहे," साहेब म्हणाले.

"न्हाय," संघप्रिया म्हणाली. "ते तुमच्या विजेवर मोजतंय. दुसरं सोताच्या खड्यावर. सील बघून घ्या."

साहेब विजेचे इंजिनिअर होते. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि सीलं बघायच्या भानगडीत पडले नाहीत. दोन वर्षांत हे समजावून सांगावं न लागलेला हा पहिलाच माणूस. मग ते तिला जरा बाजूला घेऊन बोलू लागले, पण सभागृह लहान आणि माणसं ऐंशी.

"हे बघा बाई, सार्वजनिक ठिकाणी हे असं बरं दिसत नाही. वर्तमानपत्रवाले येतील, फोटो काढतील. हे काढून ठेवा. तुमच्या लाइनचं मी बघतो. शब्द देतो."

बयाबाईला राहवलं नाही. "अगं, काढ की! सायब शब्द द्यालाय. माझ्या नातीचं बारावीचं वरीस हाय!"

"बयाबाई, मी उतरवलं आनि लाइन न्हाय आली, तर पुढच्या म्हयन्यात ह्यास्नी काय दाखवणार? भिंत?"

"तसं नव्हे," साहेब म्हणाले. "निदान त्याची वेळ तरी बरोबर करून घ्या."

"तुमी पुरी वीज द्या, सायब. ते आपोआप बरोबर चालंल."

कुणी हसलं नाही. माईकवालाही तिथे होता. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं, कारण भिंत समितीची आणि समिती आबांची. लाइन मिळत होती. एक खिळा मोकळा करायचा होता, बस.

आबांनी चष्मा लावला. रजिस्टर उघडलं. तारीख घातली, डावा आकडा लिहिला, उजवा लिहिला, आणि रजिस्टर साहेबांपुढे फिरवलं.

"सायब, आज साक्षीदार तुमी. हितं सही."

"आणि ते घड्याळ?"

"ते बाईचं हाय. ती म्हणत्या, न्हाय उतरणार. मग न्हाय उतरणार."

साहेबांनी पेन काढायला बराच वेळ घेतला. सही केली, खाली वेळ घातली: पाच छप्पन. उजवीकडचं बघून.

दोन महिन्यांनी वसाहतीची लाइन दुसरीकडून जोडली गेली. सहीमुळे जोडली, की तसंही जोडायचं ठरलेलंच होतं, हे ठामपणे सांगता येत नाही. वसाहतीत ते ठामपणेच सांगितलं जातं.

पुढे वर्षं गेली. वीज कंपन्यांचे काही नवे नियम आले की काय, हेलकावे पन्नासच्या आसपास राहू लागले. दोन हजार चारच्या सुमाराला दोन्ही घड्याळांत संध्याकाळपर्यंत जेमतेम मिनिटभराचा फरक पडायचा. साक्षीदारांची रांग संपली. आबांनी अध्यक्षपद सोडलं, सकाळी सहाला बटण दाबणं मात्र सोडलं नाही. नवा सचिव धम्मपाल, संगणकाचे क्लास चालवणारा, नीटनेटका माणूस. त्याने बैठकीत ठराव मांडला: वाचनालयाला रंग द्यायचा आहे, दोन्ही घड्याळं आता एकच वेळ दाखवतात, तरी जुनं काढून ठेवावं.

"का?" संघप्रियाने विचारलं.

"वैनी, आता ते बरोबरच चालतंय. काम झालं की त्याचं."

"मागं होतं तवा चुकीचं म्हणून उतरायचं होतं. आता बरोबर हाय म्हणून उतरायचं. तुमी सगळी बसून एकदा ठरवा आनि मला सांगा, ते भिंतीवर ऱ्हायला चालावं तरी कसं?"

धम्मपालने ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला. रंगारी आला. घड्याळांना कुणी हात लावायचा, हे ठरत नव्हतं. शिवाय ती एकशे ऐंशी व्होल्टची गोष्ट वसाहतीत सगळ्यांना माहीत होती. त्याने दोन्हींच्या कडेकडेने रंग दिला.

पुढच्या उन्हाळ्यात भारनियमनाचं वेळापत्रकच वर्तमानपत्रात छापून येऊ लागलं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी समितीची बैठक सहाला होती. वीज नुकतीच आली होती. उजवीकडे सहाला पाच कमी आणि डावीकडे दोन वाजून सहा. धम्मपाल आत आला, भिंतीकडे बघितलं, आणि विषयपत्रिकेचा कागद घडी करून खिशात ठेवू लागला.

"अरं, ठेवतोस कुठं?" संघप्रिया म्हणाली. ती पहिल्या रांगेत बसली होती. "तुझा ठराव ऱ्हायलाय गेल्या वर्षीचा. वाच. मोठ्यानं वाच, मागच्यांस्नी ऐकू जाऊ दे."